दुसऱ्याच्या डोक्याची उठाठेव

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला तीन गोष्टींविषयी वारंवार जबाब द्यावा लागतो : आपल्या भाषेविषयी, आपल्या ताटाविषयी आणि आपल्या डोक्याविषयी. पहिल्या दोहोंवर आपल्या मंडळींनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. तिसरा विषय मात्र फणी आणि आरसा यांच्यापलीकडे नेण्याच्या योग्यतेचा नाही, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. ही समजूत आम्हांस मान्य नाही. आपले केस आपण कसे ठेवावे, त्यांस काय लावावे व काय लावू नये, याविषयी इतरांनी प्रश्न विचारणे, शेरे मारणे आणि न मागता सल्ला देणे ही सभ्य म्हणविणाऱ्या समाजातली एक असभ्य चाल आहे. आणि तिला हसतमुखाने खुलासे देत राहण्याचे आपण आता सोडले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्यांची बाजू आम्ही येथे घेत आहोत ती माणसे काही जगावेगळी नव्हेत. ती केसांना खोबरेल लावतात. आठवड्यातून एकदा-दोनदा शिकेकाईने किंवा रिठ्याने डोक्यावरून न्हातात. केस कुरळे असले तर ते कुरळेच राहू देतात, पांढरे होऊ लागले तर कलप लावीत नाहीत. एवढाच त्यांचा अपराध. परंतु हा अपराध दिल्लीसारख्या शहरात, सरकारी कचेरीत, मधल्या सुट्टीत डबा उघडताना केलात, की चौकशी सुरू झालीच म्हणून समजा. ‘नारियल का तेल? इसकी बू नहीं आती?’ ‘केस इतके चिपकू का?’ ‘हे कुरळे केस सरळ का करून घेत नाही? हल्ली किती सोपे झाले आहे.’ ‘या वयात पांढरे? घरी काही काळजी आहे का?’ यांतला कोणताही एक प्रश्न सुटा घेतला तर किरकोळ वाटतो. पण तोच प्रश्न वर्षानुवर्षे, दर सोमवारी, चार निरनिराळ्या तोंडांनी विचारला जातो, तेव्हा तो प्रश्न राहत नाही. ती हजेरी होते.

या चौकशीतला पोकळपणा ज्याची बदली झाली आहे त्यालाच नीट कळतो. जे डोके दिल्लीत ‘तेलकट’ ठरते तेच चेन्नईस गेले की ‘कोरडे’ ठरते. तेथे शेजारीण विचारते, ‘आज तेल लावले नाही का? बरे नाही का?’ कारण त्या प्रांतात तेल लावून न्हाणे ही आरोग्याची खूण आहे, आणि दिवाळीच्या पहाटे तर तिळाच्या तेलाने न्हाल्यावाचून सण साजरा होत नाही. केरळात न्हाल्यावर ओले केस मोकळे सोडून, टोकाशी एक गाठ मारून देवदर्शनास जाणे हे सोज्वळपणाचे लक्षण. तोच वेश उत्तरेकडच्या एखाद्या कचेरीत ‘अव्यवस्थितपणा’ म्हणून टिपला जातो. पंजाबात व बंगालात पिढ्यान् पिढ्या मोहरीचे तेल अंगाला आणि डोक्याला चोळले गेले. त्याचा दर्प काही खोबरेलाहून सौम्य नाही. पण ज्याच्या गावात ज्या तेलाचा वास असतो तो त्याला वास वाटतच नाही. म्हणजे डोके तेच, तेल तेच. बदलला तो केवळ बदलीच्या हुकमावरचा गावाचा रकाना. मग निवाडा डोक्याचा होतो की पाहणाराच्या सवयीचा?

आता कोणी म्हणेल, की अहो, लोक विचारतात ते अज्ञानामुळे. त्यांस नीट माहिती द्या, म्हणजे ते विचारणार नाहीत. आमच्या ओळखीच्या पुष्कळ सज्जनांनी हा मार्ग चोखाळून पाहिला आहे. माहितीला तोटा नाही. केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा तंतू. डोक्याच्या कातडीबाहेर आलेला त्याचा भाग निर्जीव असतो. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लक्ष केस असतात. त्यांतले ५० ते १०० रोज गळणे हे रोगाचे लक्षण नव्हे. केस साधारणतः महिन्याला एक सेंटिमीटर वाढतो. तो सरळ की कुरळा हे मुख्यतः तो ज्या कूपातून उगवतो त्याच्या आकारावर अवलंबून असते, फणी फिरविणाराच्या आळसावर नव्हे. तो पांढरा होतो याचे कारण कूपातल्या रंगपेशी काम थांबवितात. संसाराची चिंता हे त्याचे सरसकट कारण नव्हे, आणि आवळ्याच्या तेलाने पिकलेला केस मुळापासून पुन्हा काळा होत नाही. खोबरेलाविषयी म्हणाल, तर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले, की खनिज तेल किंवा सूर्यफुलाचे तेल यांच्या मानाने खोबरेल केसाच्या आत अधिक शिरते आणि धुताना होणारी प्रथिनाची झीज कमी करते. हा प्रयोग मुंबईतल्या एका खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी केला होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

शिवाय ज्या शांपूच्या नावाने आपल्या शिकेकाईला मागासलेली ठरवितात त्याचे नाव तरी कोठले? ‘चांपना’, ‘चंपी’ हे आपल्याच देशातले शब्द. पाटण्यात जन्मलेल्या दीन महंमद नावाच्या गृहस्थाने इंग्लंडातल्या ब्रायटन येथे मर्दनाचे स्नानगृह चालविले व १८२२ साली त्यावर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. तेलमालिशाचा शब्द विलायतेस गेला आणि बाटलीत बसून साबणाच्या अर्थाने परत आला.

हे सर्व आम्ही जाणतो. आणि तरीही आमचे म्हणणे असे, की हे काहीही सांगण्याच्या भरीस पडू नये. ज्या न्यायासनाचा अधिकारच आपण मानीत नाही, त्याच्यापुढे साक्षीपुरावा देण्यास उभे राहणे म्हणजे तो अधिकार मान्य करणे होय. आज तुम्ही खोबरेलाचा गुण सिद्ध केलात, उद्या वासाचा मुद्दा निघेल. वासाचे निरसन केलेत, परवा उशीच्या अभ्र्याचा निघेल. कचेरीतल्या कोणालाही ठाऊक आहे, की ज्या फाइलीवर निर्णय घेण्याची इच्छा नसते तिच्यावरच सर्वांत अधिक माहिती मागविली जाते. दुसरे असे, की उद्या एखाद्या प्रयोगात खोबरेल निरुपयोगी ठरले, तर काय आपल्या आईने शिकविलेले तेल टाकून देण्यास आपण बांधलेले आहोत? दिल्लीच्या थंडीत ते थिजून दगड होते. चोवीस अंशांच्या खाली पारा उतरला की ते गोठणारच. मग बाटली गच्चीवरच्या उन्हात ठेवून, विरघळेल तेवढे तळहातावर घेऊन लेकीच्या डोक्याला लावणारी बाई काही प्रयोगशाळेच्या आधाराने ते लावीत नसते. तो तिच्या घरचा आचार आहे, आणि त्याने कोणाचे काही बिघडत नाही. एवढे कारण पुरेसे आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातसुद्धा व्यक्तिगत माहितीसाठी कलम ८ खाली अपवाद ठेवलेला आहे. सरकारचे दप्तर जी गोष्ट उघडीत नाही, ती चहाच्या टेबलावर उघडण्याची सक्ती का?

प्रतिपक्षाचा सर्वांत मोठा आधार म्हणजे ‘आपुलकी’. ‘आम्ही आपलेपणाने विचारतो, तुम्ही उगाच मनाला लावून घेता.’ या आपुलकीची परीक्षा घेणे सोपे आहे. ती कोणत्या दिशेने वाहते ते पाहावे. जॉइंट सेक्रेटरीसाहेबांचे केस पांढरे झाले तर ते ‘भारदस्त’ दिसतात. त्यांच्या स्टेनोचे झाले तर तिने ‘स्वतःकडे दुर्लक्ष’ केलेले असते. साहेबांच्या टकलाविषयी आपुलकीने चौकशी करणारा कारकून आम्ही अद्याप पाहिलेला नाही. टिपण खालून वर जाते आणि शेरा वरून खाली येतो, हा कचेरीचा नियम केसांसही लागू आहे : वरिष्ठाकडून कनिष्ठाकडे, पुरुषाकडून स्त्रीकडे, ज्यांची संख्या अधिक त्यांच्याकडून ज्यांची संख्या थोडी त्यांच्याकडे. जी आपुलकी केवळ उतारावरूनच वाहते तिला आपुलकी म्हणत नाहीत. ती सत्ता आहे, आणि ती केसांवर चालते याचे कारण केस हा माणसाच्या देहाचा असा भाग आहे, की जो सर्वांस दिसतो व ज्याविषयी बोलल्याने बोलणाराचे काही बिघडत नाही.

दुसरा आधार ‘शिस्ती’चा. सैन्यात व पोलिसांत केसांचे नियम आहेत. ते नोकरीत शिरतानाच माहीत असतात, आणि लेखी असतात. परंतु आम्हां मुलकी नोकरांच्या १९६४ च्या आचरण-नियमांत सचोटी आहे, कर्तव्यनिष्ठा आहे, नोकरीस न शोभणारे वर्तन करू नये असेही आहे; खोबरेल तेल लावू नये असे कोठेही नाही. तेव्हा जो शेजारच्या टेबलावरून ‘ऑफिसला शोभेल असे’ केस ठेवण्याचा सल्ला देतो, तो नियम पाळीत नसून नियम करीत असतो. तो अधिकार त्याला कोणी दिला?

आणि ही सगळी क्षुल्लक थट्टामस्करी आहे, तिचा एवढा बाऊ कशाला, असे ज्यांस वाटते त्यांनी थोडे मागे वळून पाहावे. दूर जावयास नको. आपल्याच महाराष्ट्रात ब्राह्मणादी जातींत विधवेच्या केसांविषयी घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि शास्त्रीबोवांनी एकमुखाने मत दिले, आणि त्या मतापायी कोवळ्या मुलींना न्हाव्यापुढे बसविले गेले. त्या केसांस काय वाटते हे त्या मुलीस कोणी विचारले नाही. ‘लोक काय म्हणतील’ एवढेच विचारले. आगरकरांनी या केशवपनावर कोरडे ओढले ते उगाच नव्हे. आणि १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यास वस्तरा लावणार नाही, असा निर्धार केला, तोही उगाच नव्हे. पदवीधर शास्त्रार्थ करीत बसले असता ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला, ही गोष्ट महाराष्ट्राने विसरू नये.

आम्ही राहतो त्या दिल्लीकडे पाहा. नोव्हेंबर १९८४ मध्ये या शहरात केस आणि पगडी यांवरून माणसे ओळखून मारली गेली, आणि कित्येकांनी जीव वाचविण्यासाठी आपले केस स्वतःच्या हाताने कापले. १६९९ पासून जे केस श्रद्धेचे चिन्ह म्हणून राखले, ते एका रात्रीत कापण्याची पाळी यावी, यापरते दुःख कोणते? पुढे जानेवारी २०१४ मध्ये याच दिल्लीच्या लाजपतनगर बाजारात अरुणाचल प्रदेशातला नीडो तानिया नावाचा कोवळा विद्यार्थी एका दुकानाशी आला. त्याच्या केसांवरून टिंगल झाली; टिंगलीवरून भांडण, भांडणावरून मारहाण, आणि दुसऱ्या दिवशी तो मुलगा मेला. त्यानंतर ईशान्येकडून आलेल्या लोकांच्या अडचणींचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारला बेझबरुआ समिती नेमावी लागली. प्रारंभ कशाने झाला? केसांवरच्या एका शेऱ्याने. प्रत्येक शेऱ्याचा शेवट असा होत नाही हे खरे. परंतु दुसऱ्याचे डोके हा आपल्या विनोदाचा हक्काचा विषय आहे, ही समजूत दुकानात आणि कचेरीत एकच आहे.

आम्हां कारकुनांना तर आणखी एक उदाहरण लागू पडते. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या लोकसंख्या-नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाचा वंश दप्तरात नोंदावयाचा होता. जेथे शंका येई तेथे अधिकारी त्या माणसाच्या केसांत पेन्सिल खोचीत. पेन्सिल गळून पडली तर तो गोरा. अडकून राहिली तर नव्हे. एका घरातली भावंडे अशा वर्गवारीने निरनिराळ्या रकान्यांत पडली. तो कायदा १९९१ साली रद्द झाला. पण पेन्सिल धरणारा हात आमच्यासारख्याच एखाद्या नोकराचा होता, याचा विसर आम्हांस पडत नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या जन्मजात केसांवरून शाळेत वा नोकरीत भेदभाव करू नये, एवढी साधी गोष्ट सांगण्यासाठी कॅलिफोर्निया राज्याला २०१९ साली कायदा करावा लागला. ज्यासाठी कायदे करावे लागतात ती बाब क्षुल्लक कशी?

येथवर वाचून आपले मराठी बांधव ‘अगदी बरोबर!’ म्हणून मान डोलावतील, म्हणून पुढचे शब्द त्यांच्यासाठीच आहेत. परमुलखातल्या मराठी मंडळांच्या हळदीकुंकवात आणि गणेशोत्सवाच्या मांडवात काय चालते? केस आखूड कापलेल्या मुलीला पाच जणी विचारतात, ‘अगं, एवढे छान केस, कापलेस का?’ लांब ठेवलेल्या मुलीला त्याच विचारतात, ‘विंचरायला वेळ कसा मिळतो?’ लग्नाच्या जाहिराती व टाचणे ‘लांबसडक केस’ असा रकाना अजून सोडीत नाहीत. मणिपुरी किंवा मिझो सहकारिणीच्या केसांवर आपल्या डब्याभोवती ज्या कुजबुजी होतात, त्या हिंदीत झाल्या असत्या तर आपणच त्यांना प्रांतीय उद्दामपणा म्हटले असते; मराठीत झाल्या म्हणून त्या निरुपद्रवी ठरत नाहीत. एवढेच की ज्यांच्याविषयी त्या होतात त्यांस त्या कळत नाहीत. आणि पुष्कळदा कळतातही.

याहून एक नवी जात अलीकडे निपजली आहे. ती म्हणजे ‘नैसर्गिका’चे भक्त. स्वतः शिकेकाई वापरतात हे ठीक. पण कलप लावणारीला त्या खोटी समजतात, केस सरळ करून घेणारीला न्यूनगंडाने पछाडलेली समजतात. कलपातल्या काही द्रव्यांनी कातडीस पुरळ उठतो, केस सरळ करण्याच्या काही लेपांतून तापविल्यावर फॉर्मल्डिहाइड सुटते, ही माहिती खरी आहे आणि मागेल त्याला अवश्य द्यावी. परंतु न मागता दिलेली माहिती हा उपदेश असतो, आणि उपदेशाचा वास खोबरेलापेक्षा लवकर जात नाही. जिला वाटते की काळ्या केसांनी आपण ताज्या दिसतो, तिचा तो हक्क. जिला वाटते की पांढऱ्यांनी आपले काही अडत नाही, तिचाही तोच हक्क. एकीचा मान राखण्यासाठी दुसरीचा अपमान करण्याची गरज नाही.

मग बोलूच नये की काय? आमचे म्हणणे तसे नाही. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात मुलीच्या केसांत जट झाली, की ती देवीची म्हणून विंचरू नये, कापू नये, असे सांगणारे लोक आहेत. आणि त्या जटेच्या आधाराने मुली देवाला वाहिल्या गेल्या आहेत. तेथे गप्प बसणे हा गुन्हा होय. जट कापण्यास बाईला धीर देणारे कार्यकर्ते दुसऱ्याच्या डोक्याची उठाठेव करीत नाहीत. तिचे डोके इतरांच्या तावडीतून सोडवून तिचे तिला परत देतात. भेद ओळखण्याची खूण हीच. आपल्या बोलण्याने त्या माणसाची मोकळीक वाढते की कमी होते, हे पाहावे. वाढत असेल तर बोलावे. तेही एकांतात, आणि तिचे ऐकून घेऊन. कोणास कोंडा झाला, चाई पडली, औषध हवे असे वाटले, तर ते सांगण्यास मित्र आहेत व वैद्य आहेत. कचेरीचा मधला दिवाणखाना ते सांगण्याची जागा नव्हे.

तेव्हा करावे काय? आमच्या मते खुलासा देणे बंद करावे. कोणी विचारले, ‘तेल का लावता?’ तर ‘लावतो’ एवढे उत्तर पुरे. ‘केस सरळ का करीत नाही?’ — ‘नाही करीत.’ यात उद्धटपणा नाही. विचारणाराला जेवढे देणे लागतो तेवढे आपण दिले. त्यापुढे डबा उघडावा आणि चटणी पुढे करावी. जे अधिकारपदावर आहेत त्यांनी आपल्या विभागात कोणाच्याही केसांविषयी शब्द काढू नये, स्तुतीचासुद्धा. कारण वरिष्ठाच्या तोंडची स्तुती दुसऱ्या दिवशी हुकूम होते. आणि आपापल्या घरी मुलांदेखत शेजारणीच्या, मोलकरणीच्या किंवा वर्गातल्या मुलीच्या केसांवर बोलणे टाळावे. परप्रांतात वाढणारी आपली मुले शाळेतून असेच शेरे ऐकून येतात. त्यांना घरात तरी ते ऐकू येऊ नयेत.

येत्या हळदीकुंकवाला जमणाऱ्या भगिनींना आणि गणेशोत्सवाच्या कार्यकारिणीतल्या बंधूंना आमची एवढीच विनंती आहे : नव्याने बदली होऊन आलेल्या कुटुंबाला घराचे भाडे, मुलांची शाळा, दुधाची सोय यांविषयी हवे तितके प्रश्न विचारा, त्यांची उत्तरे तुमच्याजवळ आहेत आणि त्यांना ती हवी आहेत. त्यांच्या डोक्याविषयी विचारू नका. ते त्यांनी बरोबर आणले आहे, आणि त्याची निगा त्यांना येते.